जास्तीचे तीन दाणे

कोन्सुएलो,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय एलिसेओ,

हे नाव वाचून तू चष्मा काढून पुसला असशील, याची मला कल्पना आहे. आई गेल्यापासून या नावाने तुला कोणी हाक मारलेली नाही. वस्तीसाठी तू मास्तर आहेस, साखर कारखान्याच्या दप्तरात तू निकानोर पानियाग्वा आहेस, आणि एलिसेओ पानियाग्वा हे नाव गेली बावन्न वर्षे मी लावीत आलो आहे. परंतु या पत्राच्या आरंभी खोटे नाव लिहिणे मला योग्य वाटले नाही. पाकिटावर मात्र मी 'मास्तर, दिग्नाचे घर, आतो मायोर' एवढेच लिहिले आहे. पत्र टपालाने न पाठवता बसचालक तोन्योच्या हाती देत आहे. त्याला तुझे खरे अथवा खोटे, कोणतेच नाव ठाऊक नाही, त्यामुळे तो चुकणार नाही. पत्रासोबत एक कापडी पुरचुंडी आहे. पत्र वाचून होईपर्यंत ती सोडू नये, अशी विनंती आहे.

हे सर्व मी फोनवर सांगू शकलो असतो. पण मागे तीन वेळा मी हा विषय काढला आणि तिन्ही वेळा तू माझ्या गुडघ्यांची चौकशी करून मला गप्प केलेस. पत्राला असे मध्येच अडविता येत नाही. गुडघ्यांचे म्हणशील तर ते होते तसेच आहेत. तुझी वहिनी कासिल्दा रोज सकाळी केळी उकडून कुस्करते, वर कांदा घालते, आणि मी खातो की नाही हे समोर बसून पाहते. आमचे बरे चालले आहे.

गेल्या महिन्यात दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. पहिली तुला वर्तमानपत्रातून कळली असेल. प्रांताच्या क्रीडाभवनात थोर खेळाडूंच्या भिंतीवर माझी पितळी पाटी बसवायचे ठरले आहे. त्यांनी नमुन्याचा कागद पाठविला व नाव आणि जन्मवर्ष तपासून सही करण्यास सांगितले. कागदावर लिहिले होते: एलिसेओ पानियाग्वा, जन्म १९५६, बेसबॉलमधील बाह्यरक्षक, जपानमध्ये दहा हंगाम. दुसरी बातमी तुझ्या दिग्नाने फोनवर दिली. तू अंत्यविधी मंडळात नाव नोंदवायला गेलास, आणि क्रूसावर कोणते नाव घालायचे असे कारकुनाने विचारले. तेव्हा तू म्हणालास म्हणे, "निकानोर लिहू नका, तो अजून जिवंत आहे. एलिसेओही नको, तो जपानात खेळून आला. नुसतं मास्तर लिहा, म्हणजे कुणाचं काही जाणार नाही." दिग्ना हे सांगताना हसत होती. आपल्या दोन्ही घरांतील मुलांना हा जुना विनोद वाटतो. कागदावर ती माझी मुलगी आहे आणि माझा राफेल तुझा मुलगा, यावर ती दोघे लहानपणापासून एकमेकांना चिडवीत आली आहेत. मी मात्र त्या दिवशी हसलो नाही.

मला आपली उसातली मोकळी जागा आठवली. तीन बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला कारखान्याच्या गाडीचे रूळ. पेरूच्या फांदीची बॅट तुझ्या हाती असे, आणि दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह माझ्या हाती. चेंडू मोज्यांचा होता, पण आईने तो मेणाच्या दोऱ्याने असा शिवला होता की चांगला लांब जाई. उसात गेला की हरवला, आणि हरवला की त्या दिवसाचा खेळ संपला. म्हणून चेंडू उसात शिरण्यापूर्वी तो झेलणे हे माझे काम झाले. तू बॅट फिरवलीस की आवाज ऐकताच मी धावत असे, चेंडू कोठे जाणार हे डोळ्यांपूर्वी कानांना कळत असे. लोक मला बगळ्या म्हणू लागले ते त्या धावण्यामुळे. तू मला दररोज दोनशे चेंडू मारून देत होतास आणि मधल्या वेळात गणिते सोडवीत होतास. मी शाळा चौथीत सोडली होती. तू आठवीत होतास, वर्गात पहिला होतास, आणि कामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत होतास. मास्तर हे नाव तेव्हाच पडले.

१९७३ च्या मार्च महिन्यात सेन्योर बाल्बुएना आपल्या दारात आले. परदेशी संघांसाठी मुले शोधणे हा त्यांचा धंदा होता. त्यांनी मला तीन दिवस धावविले, फेकायला लावले, भिंतीवर चढविले, आणि चौथ्या दिवशी माझा जन्मदाखला पाहून तो टेबलावर परत ठेवला. "पाय उत्तम, हात उत्तम, पण वीस वर्षं? विसाच्या पोराला तिकडे कुणी दारातसुद्धा उभं करत नाही, बाई. सतराचा असता तर आज सही केली असती." हे बोलताना ते कोपऱ्यात पाटीवर गणित करीत बसलेल्या तुझ्याकडे पाहत होते. अशा प्रकारे भावाचा अथवा चुलतभावाचा दाखला घेऊन गेलेली मुले आपल्या वस्तीत यापूर्वीही होती, म्हणून कोणाला विशेष वाटले नाही. आईने तुला विचारले. तू पाटीवरून मान वर न करता म्हणालास, "नेऊ दे त्याला. परत आला की देईल परत." एवढेच. मी त्या वेळी तुझे आभारही मानले नाहीत. मला वाटले, कागद तर आहे, लाकडी पेटीत पडून होता, आता माझ्या खिशात राहील.

जूनमध्ये आठवीच्या सरकारी परीक्षेसाठी जन्मदाखला मागितला, तेव्हा मी परदेशात होतो. तुझ्या दाखल्यावर माझा पासपोर्ट निघालेला होता. दुसरी प्रत काढली तर दोन एलिसेओ पानियाग्वा उघडकीस आले असते. तुझ्याजवळ उरला तो माझा दाखला, वीस वर्षांच्या, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचा. वीस वर्षांच्या माणसाला आठवीच्या बाकावर बसू देत नाहीत. शाळेच्या बाई, सेन्योरिता एर्सिलिया, घरी आल्या आणि दारातूनच आईला म्हणाल्या, "पोराला परीक्षेला कागद लागतो, आणि तुम्ही तो चेंडूच्या मागे धाडलात?" आईने मला हे अकरा वर्षांनी सांगितले. तू कधीच सांगितले नाहीस. त्या जूनच्या पत्रात तू एवढेच लिहिले होतेस की, कारखान्याच्या वजनकाट्यावर तुला नोकरी लागली आहे, आणि माझ्या मागील पत्रात सात चुका होत्या. त्या तू लाल पेन्सिलीने दुरुस्त करून पत्र मलाच परत पाठविले होतेस. मी आज चार ओळी नीट लिहू शकतो, याचे श्रेय त्या पेन्सिलीला आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने हे लपवू नये.

अमेरिकेतील सात वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. मी लहान गावांच्या संघांतून खेळलो आणि बसमध्ये झोपलो. मोठ्या संघाने मला दोनदा वर बोलाविले व दोनदा खाली पाठविले. नंतर १९८० मध्ये जपानमधील एका बंदराच्या शहरातील संघाने मला घेतले. तेथे दुभाषी म्हणून ओकुमुरा मिळाले, हे माझे भाग्य. त्यांचे आईवडील पन्नासच्या दशकात शेतीसाठी आपल्या देशात, हैतीच्या सीमेजवळ, येऊन राहिले होते आणि काही वर्षांनी निराश होऊन परतले होते. ओकुमुरांचे बालपण तेथे गेल्यामुळे ते आपली भाषा अगदी आपल्यासारखी, शब्दांची शेपटे गिळून, बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारले, "काय रे बगळ्या, तुमच्याकडे अजून भाताची करपलेली खरपुडी भांडून खातात का?" परक्या देशात माणसाला आणखी काय पाहिजे.

फेब्रुवारीच्या आरंभी त्यांच्याकडे थंडीचा निरोप घेण्याचा एक दिवस असतो. भाजलेले सोयाबीनचे दाणे घरातून बाहेर फेकून अनिष्ट पळवून लावतात, आणि मग प्रत्येक जण आपल्या वयाइतके दाणे मोजून खातो. त्यांच्या बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात ज्या प्राण्याचे वर्ष चालू असेल, त्या वर्षी जन्मलेल्या माणसाला दाणे फेकण्याचा मान मिळतो. १९८० हे माकडाचे वर्ष होते आणि १९५६ हेही माकडाचेच. म्हणून सराव शिबिरात, सगळ्या संघासमोर, मला पुढे बोलावून दाण्यांचे लाकडी माप माझ्या हाती दिले. मी तुझा मान घेऊन दाणे फेकले, एलिसेओ. लोकांनी टाळ्या वाजविल्या. त्यानंतर सर्वांनी दाणे मोजले. मी विचार न करता सव्वीस मोजून घेतले. कागदाप्रमाणे मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. ओकुमुरा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या तळहाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यातले तीन दाणे उचलून स्वतःच्या तोंडात टाकले. सीमेजवळ वाढलेल्या माणसाला आपल्याकडचे कागद कसे असतात ते ठाऊक होते. पुढे दहा वर्षे, दर फेब्रुवारीत, मी खऱ्या वयाइतके दाणे मोजीत असे आणि ओकुमुरा त्यातले तीन उचलीत असत. यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

त्या पहिल्याच वर्षी मी जवळजवळ घरी परतलो होतो, हे तुला ठाऊक आहे. तेथील प्रेक्षक ढोल व तुताऱ्या घेऊन येतात आणि सामना संपेपर्यंत वाजवीत राहतात. त्या गजरात बॅटचा आवाज मला ऐकू येईना. ज्या कानांवर मी जगत होतो ते कान निरुपयोगी झाले. एप्रिलमध्ये चार झेल मी दोन पावलांनी चुकविले. वर्तमानपत्राने लिहिले की, या नव्या पाहुण्याला झोपेतून उठवावे. मी तुला पत्र लिहिले की आता संपले. तुझे उत्तर तीन आठवड्यांनी आले. त्यात एकच ओळ होती: कारखान्याची गाडी जात असताना तू काय करीत होतास ते आठव. मी ती ओळ कपडे बदलण्याच्या खोलीत वाचली आणि तेथेच बाकावर बसलो. उसाची गाडी रुळांवरून जाताना आपल्याला काहीच ऐकू येत नसे, तरी तू मारतच राहायचास आणि मी धावतच राहायचो, कारण माझे डोळे तुझ्या पुढच्या टाचेवर असत. टाच कोणीकडे वळली यावरून चेंडूची दिशा समजत असे. मी हे विसरलो होतो आणि तू विसरला नव्हतास. त्या दिवसापासून मी फलंदाजाची टाच पाहू लागलो. दहा हंगाम, बाराशेहून अधिक सामने, कुंपणावर चढून घेतलेले सगळे झेल, आणि आईच्या घराला मिळालेली सिमेंटची जमीन, हे सर्व तुझ्या त्या एका ओळीतून आले आहे. लोकांनी मला जे म्हणून दिले, त्यात तुझा हात नाही अशी एकही गोष्ट मला सापडत नाही.

मी तुला पत्रे लिहीत असे आणि खाली तुझ्याच नावाने सही करीत असे. पाकिटावर माझे नाव असे. पोस्टातील बाईने आईला एकदा विचारले होते की, हा एलिसेओ इतका चांगला असून निकानोर मात्र काट्यावरच का राहिला. आई काय बोलली ते मला माहीत नाही. पण तू ती पत्रे काट्यावर उसाच्या गाड्या थांबल्या असताना सर्वांना वाचून दाखवीत होतास, हे मला अनेकांनी सांगितले. एलिसेओने असा झेल घेतला, एलिसेओला असा मान मिळाला. तुझ्याच तोंडून तुझेच नाव, आणि पराक्रम दुसऱ्याचा. काट्यावरचा म्हातारा फाबियान मला म्हणाला होता की, वाचताना मास्तरचा आवाज एकदाही अडखळला नाही.

१९८९ हे सापाचे वर्ष होते, म्हणजे माझे, १९५३ साली जन्मलेल्याचे. माझे गुडघे छत्तीस वर्षांचे होते आणि कागद तेहतीस वर्षांचा. प्रशिक्षकांना वाटे की मी अंग चोरतो आहे. त्या फेब्रुवारीत शिबिरात पुकारा झाला की, सापाच्या वर्षी जन्मलेल्यांनी दाणे फेकायला पुढे यावे, आणि मी उभा राहिलो. ठरवून नव्हे, पाय आपोआप उठले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. ओकुमुरांनी माझा शर्ट धरून मला खाली ओढले आणि जपानीत काहीतरी सांगितले, त्यावर सगळे मोठ्याने हसले. नंतर कळले की त्यांनी, याला पोट साफ करायला जायचे आहे पण वाट माहीत नाही, असे सांगितले होते. वर्षअखेरीस संघाने आणखी दोन हंगाम देऊ केले, ते मी नाकारले. विमानतळावर निरोप घेताना ओकुमुरा म्हणाले, "बगळ्या, तुझे तीन दाणे मी दहा वर्षं गिळले. आता तुझे तू खा." मी मान डोलावली. घरी जायचे, तुझा कागद तुझ्या हाती द्यायचा, असे विमानात पक्के केले होते.

विमानतळावर अर्धी वस्ती आली होती. ढोल होते, रम होती. सर्व जण एलिसेओ, एलिसेओ असे ओरडत होते. त्या गर्दीत सर्वांत मोठा आवाज तुझा होता. तू दोन्ही हात वर करून तुझे स्वतःचे नाव माझ्यासाठी ओरडत होतास, आणि तुझ्या चेहऱ्यावर मला आनंदाशिवाय काही दिसले नाही. मी तेव्हाच गर्दीसमोर खरे सांगायला हवे होते. सांगितले नाही. पुढे रेडिओवाले आले, शाळांनी बक्षिसे वाटायला बोलाविले, मैदानाला नाव देण्याची भाषा झाली. मी स्वतःला सांगत राहिलो की, तूच विषय टाळतोस. सत्य असे आहे की, मला ते नाव आवडू लागले होते. ते मोठे झाले होते आणि माझे स्वतःचे नाव वजनकाट्यावर धूळ खात होते. मी अभिमानी माणूस आहे, हे तू जाणतोस. परत आलो की परत देईन, असे तू माझ्या वतीने आईला सांगितले होतेस. मी परत आलो आणि पस्तीस वर्षे दिले नाही.

दिग्नाचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून क्रीडाभवनात गेलो. तेथील सचिव नुरिस ही तरुण वकीलबाई आहे. मी तिला सर्व सांगितले आणि नमुन्यावर सही करणार नाही असेही सांगितले. तिने नमुना माझ्या हातून घेऊन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आजोबा, या भिंतीवरचे निम्मे लोक कागदावर अजून रांगतायत. तुम्ही एकटे कशाला मोठे होता?" मी तिला म्हणालो की, इतरांचे मला ठाऊक नाही, माझा भाऊ क्रूसावर काय लिहावे असे विचारीत आहे. त्यानंतर तिने विनोद केला नाही. तिने सांगितले की, दाखले दुरुस्त झाल्याखेरीज पाटी बसणार नाही, आणि दुरुस्त झाल्यावरही समितीतील काही जण कदाचित ती नाकारतील. मी म्हणालो की, चालेल. राफेल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच वकील शोधून आणला.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. मंगळवार, १८ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता सान पेद्रो येथील न्यायाधीशांपुढे दोन्ही भावांनी स्वतः हजर राहून शपथेवर सांगायचे आहे की, दोघांत एलिसेओ कोण आणि निकानोर कोण. माझा अर्ज दाखल झाला आहे. तुझ्याखेरीज तो पुढे जात नाही. तोन्यो तुला पहाटेच्या बसमध्ये पुढची जागा देईल. तू नाही म्हणालास तर मी तुला दोष देणार नाही, परंतु या वेळी गुडघ्यांची चौकशी करू नये. तुझे शाळेचे बाक मी परत आणू शकत नाही, नाव तेवढे आणू शकतो. ओकुमुरा वारले. त्यांची मुलगी दर वर्षी दाण्यांची पिशवी पाठविते, तीही यंदा आली. यंदा पुन्हा सापाचे वर्ष आहे. गेल्या रविवारी मी अंगणात बसून एकाहत्तर दाणे मोजले आणि सगळे खाल्ले. दातांना त्रास झाला, पण एकही कमी केला नाही. आता पुरचुंडी सोड. आत अडुसष्ट दाणे आहेत, मी दोनदा मोजले आहेत. एलिसेओ पानियाग्वा, जन्म १४ जून १९५६, याचे ते आहेत. कडक लागले तर दुधात भिजवून खा, पण सगळे खा. तू मला जे दिलेस त्याबद्दल बावन्न वर्षांनी, विलंबाची क्षमा मागून, मनापासून आभार मानतो.

तुझाच थोरला भाऊ,
निकानोर पानियाग्वा